माथेरानची सावकाश वाट
दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात. पुढे तांबड्या मातीची वाट, आणि तीन वर्षांचा नातू हात उंचावून उभा. सुनेची पाठदुखी जुनी. वाकून उचलताना मुलाचा भार शरीरापासून दूर पडतो, तोच तिच्या कंबरेस सोसवत नाही. ती अमन लॉज स्थानकातील बाकावर बसली. नातू आपणच मांडीवर चढला. १९०७ साली सुरू झालेल्या या चिमुकल्या रेल्वेने बाजारापर्यंतची चाल वाचवली. घोडा आम्ही टाळला. त्याचे हिसके अशा पाठीला नकोतच. शार्लट तलावाच्या वाटेवर मात्र नातू रडू लागला. मला उचलवेना, तिला उचलायचे नव्हते. मग तिघेही जांभळीच्या सावलीत दगडी कठड्यावर टेकलो. परतीच्या गाडीची घाई तिनेच आधी सोडली. नातू मुंग्या मोजत होता.