पस्तिशीच्या आत

डिचोली तालुक्यातील आमच्या खाणपट्ट्यात १६ मार्च २०१८ ही तारीख कोणाला निराळी समजावून सांगावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्दबातल ठरवली आणि पुढील महिन्यात खाणी थांबल्या. सारमानसच्या धक्क्यावर खनिज ओतून परतणारे टिपर अंगणाअंगणांत उभे राहिले, आणि वजनकाट्यावर पावत्या लिहून संध्याकाळी खेपांचा हिशेब जुळवून देणारी माझ्यासारखी कारकून मंडळी एकाएकी घरी बसली. माझे माहेर पेडण्याचे, सासर मुळगावचे. बारावीपर्यंत मी विज्ञान शाखेत होते. पुढे घरच्या परिस्थितीने लवकर नोकरी लागेल असा मार्ग धरावा लागला, म्हणून वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि आकड्यांचे काम मन लावून केले. ते काम गेल्यावर काही काळ शिकवण्या घेतल्या. पण त्यात जीव रमला नाही.

२०२१ मध्ये मामंजींना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांना बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. पोर्तुगीज अमदानीत १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या वैद्यकशाळेचा वारसा सांगणारी ही संस्था. तिच्या आवारात पेडण्याचा माणूस भेटतो तसाच सावंतवाडी-दोडामार्गचा आणि कारवारचाही भेटतो. तेथे मी मामंजींच्या उशाशी बसून एका सिस्टरांचे काम पाहिले, आणि त्या पाहण्यानेच माझ्या आयुष्याची दिशा बदलली. नाकातून घातलेल्या नळीवाटे पेज द्यायची झाली, तर त्या प्रथम खाटेची उशाकडची बाजू उंच करीत, सिरिंजने पोटातील द्रव किंचित ओढून नळी जागेवर असल्याची खात्री करून घेत, आणि मगच पेज ओतीत. तीही दट्ट्याने ढकलून नव्हे, तर सिरिंज हातभर उंच धरून, आपल्या वजनाने ती सावकाश उतरू देत. "घाई केली की पेज पोटाऐवजी फुप्फुसात जायची, बाय," असे त्यांनी मला सांगितले. दर दोन तासांनी मामंजींना कुशीवर वळवताना त्या टाचा, कंबरेचे हाड, कोपरे बोटांनी चाचपून पाहत. कारण कातडीवर उमटलेली लाली दाबूनही फिकी झाली नाही, तर तेथे शय्याव्रणाची सुरुवात झाली असे समजायचे. प्रत्येक कृतीमागे कारण होते, आणि ते कारण त्यांना ठाऊक होते. मला नुसत्या त्या कृती नव्हे, ती कारणे शिकावीशी वाटली.

पुढच्या वर्षी मी परिचारिकेच्या शिक्षणाच्या चौकशीला लागले तेव्हा मला तेहतिसावे वर्ष लागले होते, आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या नव्या नियमावलीप्रमाणे पदवीच्या प्रवेशाला वयाची कमाल मर्यादा पस्तीस आहे. हितचिंतकांचा सल्ला एकमुखी होता: दोन वर्षांचा ए.एन.एम. करावा, गावातल्या उपकेंद्रात चिकटावे आणि घर सांभाळावे. दुसरा मार्ग तीन वर्षांच्या जी.एन.एम.चा. त्याला बारावीची कोणतीही शाखा चालते. म्हणून वाणिज्य किंवा कला शाखेतून येणाऱ्यांना तोच दरवाजा उघडा असतो, आणि तो कमी प्रतीचा मुळीच नव्हे. परंतु त्यानंतर पदवी हवी असेल, तर आणखी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करावा लागतो. तीन अधिक दोन म्हणजे पाच, आणि थेट पदवीची चार! वजनकाट्यावर इतकी वर्षे बेरजा केलेल्या बाईला हा हिशेब कोणी शिकवायला नको होता. थेट पदवीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन बारावी झालेली असावी लागते. ट्रंकेच्या तळाशी पडलेली माझी जुनी गुणपत्रिका त्या दिवशी कामाला आली.

नात्यातील एका वडीलधाऱ्यांनी 'या वयात हे शोभते का?' असा प्रश्न केला. मला त्यांचा राग आला नाही, वाईट मात्र वाटले. कारण रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढून ज्या स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवले, त्यांत विधवा होत्या, संसाराचे अर्धे आयुष्य मागे टाकून आलेल्या होत्या. परिचर्येची पदवी आपल्या देशात १९४६ मध्ये दिल्लीला आणि वेल्लोरला सुरू झाली, म्हणजे ती त्या स्त्रियांच्या पिढीला मिळणे शक्यच नव्हते. जे त्यांना उपलब्ध नव्हते ते मला घरापासून दोन बसगाड्यांच्या अंतरावर मिळत असता, केवळ लोकलज्जेस्तव मी ते नाकारावे, हे मनाला पटेना.

संस्था निवडताना मी माहितीपत्रकांवरील रंगीत इमारती बाजूला ठेवल्या आणि जेथे जाईन तेथे एकच प्रश्न आधी विचारला: विद्यार्थी कोणत्या रुग्णालयात काम शिकतात आणि तेथे खाटा किती? परिषदेच्या निकषाप्रमाणे दर विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण तरी हवेत, आणि हे प्रमाण कागदावर असणे निराळे, पहाटेच्या पाळीला प्रत्यक्ष असणे निराळे. घराजवळची एक संस्था सोयीची होती, शिक्षकवर्ग आस्थेवाईक होता. परंतु माझे मन बांबोळीच्या शासकीय परिचर्या शिक्षण संस्थेकडेच ओढ घेत होते, कारण अपघात, प्रसूती, नवजात बालके, मनोरुग्ण असा सर्व प्रकारचा रुग्ण त्याच परिसरात येतो. ज्याला शिकायला उशीर झाला आहे त्याने तरी जेथे पाहायला अधिक मिळेल तेथे जावे, असे मी यजमानांना सांगितले. ते तेव्हा मोपाच्या विमानतळाच्या कामावर टिपर चालवीत होते. त्यांनी एवढेच विचारले, "रात्रपाळी असते ना?" असते, मी म्हणाले.

त्यावर सासूबाईच बोलल्या. मुलगी तेव्हा तिसरीत होती. "पोरीचा डबा आणि शाळा माझ्याकडे," त्या म्हणाल्या, "पण वसतिगृहातून शनिवारी घरी यायचे, आणि ह्यांच्या पाठीला जे तू करत होतीस ते आधी मला शिकवून जायचे." मामंजी तोवर घरी आले होते, परंतु अंथरुणालाच खिळून होते. मी सासूबाईंना त्यांना कुशीवर कसे वळवायचे, कोठे उशी द्यायची आणि लाली कशी दाबून पाहायची ते दाखवले, दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या मामलेदार कचेरीत रहिवासाच्या दाखल्यासाठी दरखास्त दिली, आणि दाखला हाती येताच अर्ज भरला. अभ्यासक्रमाच्या रकान्यात पदवी लिहिली, संस्थेच्या रकान्यात बांबोळी.