अर्धेलीचे घर

एका कुळातली माणसे चार देशांत पांगली, की त्यांना एकत्र येण्यासाठी पाचवा देश शोधावा लागतो, ही आमच्या काळाच्या वाट्याला आलेली एक चमत्कारिक अवस्था आहे. पुण्याला जमावे तर पुणेकर यजमान होतात आणि उरलेले सगळे पाहुणे; लंडनला जमावे तर तिथल्या सुनेच्या दोन खोल्यांत अंथरुणांना जागा पुरत नाही; आणि न्यू जर्सीला जमावे तर इतका लांबचा विमानप्रवास म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना सोसत नाही. तेव्हा ज्या भूमीवर कोणाचाच वडिलोपार्जित अथवा स्वकष्टार्जित हक्क नाही, अशा भूमीवर सर्वांनी सारख्याच परकेपणाने उतरावे, असा तोडगा आमच्या एका भाच्याने काढला. आणि जुलै अखेरच्या एका शनिवारी, इटलीत, फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या कियांती नावाच्या डोंगराळ मुलखात, आठवड्याच्या भाड्याने घेतलेल्या एका दगडी घरासमोर आमचा सगळा गोतावळा सामानासह येऊन उभा राहिला.

हा शनिवार साधणे म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढण्याहून बिकट काम होते. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर भरतात, तर इंग्लंडातल्या शाळा सुटायला जुलै संपत येतो. त्यामुळे पुण्याच्या नातवंडांना शाळा बुडविल्यावाचून लंडनच्या भावंडांचे तोंड दिसणे अशक्य. शिवाय वडीलधाऱ्यांच्या व्हिसासाठी बँकेची खाती, निवासाचे दाखले आणि तीस हजार युरोंच्या संरक्षणाचा प्रवासविमा असा कागदांचा गठ्ठा कचेरीत दाखल करावा लागला, तो निराळाच. इतके सोपस्कार पार पडल्यावर घरमालकाने पहिल्याच संध्याकाळी सर्वांचे पासपोर्ट मागितले; कारण मुक्कामाला उतरलेल्या प्रत्येक माणसाची वर्दी चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे पोचविणे तिथल्या कायद्याने त्याला बंधनकारक आहे. "अरे, आपण काय गुन्हा केलाय?" असे थोरल्या आत्यांनी घाबरून विचारले, आणि "आत्या, तुमच्या लोणच्याची बातमी फुटली," असे उत्तर त्यांना मिळाले.

अशा भाड्याच्या घराला 'व्हिला' म्हणतात. हा शब्द ऐकला की मनात ऐश्वर्याचे चित्र उभे राहते, आणि ते निराधार नाही. रोमन साम्राज्यातला धाकटा प्लिनी हा कायदेपंडित आपल्या पत्रांतून टस्कनीतल्या घराचे मोठ्या प्रेमाने वर्णन करतो आणि तिथे अंगावर टोगा चढवावा लागत नाही, याचे समाधान मानतो. पुढे फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्याने शहराभोवतीच्या टेकड्यांवर प्रासाद आणि उद्याने उभारली. त्यांतील चौदा स्थळांना 2013 साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. परंतु आम्ही उतरलो होतो त्या घराची कुळकथा अगदी वेगळी होती. त्याच्या तळमजल्यावरची कमानदार, थंडगार दालने, जिथे आता गुबगुबीत कोचांवर आमची तरुण मंडळी दुपारी आडवी होत, ती मुळात बैलांचा गोठा होती. माणसे राहत ती वरच्या मजल्यावर, बाहेरून चढणाऱ्या दगडी जिन्याने जाऊन. माथ्यावरची चौकोनी बुरुजी कबुतरांसाठी होती. आणि ज्या फरसबंद अंगणात संध्याकाळी आमचे लांबलचक मेज मांडले जाई, ते एके काळचे खळे होते.

हे घर अर्धेलीने जमीन कसणाऱ्या एका शेतकरी कुटुंबाचे होते. या मुलखात कित्येक शतके अशी वहिवाट होती, की जमीन आणि घर धन्याचे, कष्ट कुळाचे, आणि धान्य, द्राक्षे, ऑलिव्हचे तेल या सर्व उत्पन्नाची वाटणी निम्मी-निम्मी. जमीन जितकी मोठी तितके हात अधिक लागत. म्हणून भाऊ, भावजया, पुतणे, सुना अशी दहा-पंधरा माणसे, कधी त्याहूनही अधिक, एकाच छपराखाली नांदत. त्यांतला एक पुरुष कर्ता असे. धन्याशी हिशेब आणि बाजारातले व्यवहार तो पाही. एक स्त्री घराची कारभारीण असे. चूल, कोंबड्या आणि अंड्यांचे चार पैसे तिच्या ताब्यात राहत. एकत्र कुटुंबाचे हे चित्र आपल्याला मोठे ओळखीचे वाटते. पण त्याची काळी बाजूही विसरता कामा नये. मनुष्यबळ घटू अथवा वाढू नये म्हणून घरातल्या मुलाच्या लग्नालासुद्धा धन्याची परवानगी घ्यावी लागत असे. त्या कुटुंबाचे ऐक्य प्रेमाने जितके बांधलेले होते, त्याहून अधिक ते करारनाम्याने बांधलेले होते.

म्हणूनच दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांची दारे उघडताच तरुण माणसे शहरांकडे निघून गेली. 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास मनाई झाली. आणि डोंगराडोंगरांवरची घरे ओस पडली. आमच्या पणजोबांची पिढी कोकणात खोताची जमीन करीत असे. तिथेही 1949 साली खोती नष्ट करणारा कायदा झाला, पण तोवर आमच्या घरातले हात मुंबईच्या गिरण्यांत आणि पुण्याच्या कचेऱ्यांत पोचलेले होते. इटलीतली ती रिकामी घरे पुढे इंग्रज, जर्मन आणि शहरी इटालियन लोकांनी विकत घेतली, गोठ्यांना काचेची दारे बसविली, बाजूला पोहण्याचे तलाव खणले. आणि जी घरे मोठी कुटुंबे मोडल्यामुळे रिकामी झाली, तीच आज मोडलेली मोठी कुटुंबे आठवडाभर पुन्हा सांधण्यासाठी भाड्याने घेतली जातात.

सांधण्याची ही क्रिया चुलीपाशीच घडते. इटलीत घरगुती वीजजोडणी बहुधा तीन किलोवॅटची असते, हे ज्ञान आम्हांला पहिल्याच सकाळी झाले. विजेची शेगडी, चहाची किटली आणि कपडे धुण्याचे यंत्र एकदम चालू होताच सारे घर गप्प झाले, आणि त्या दिवसापासून "मी कुकर लावते आहे" अशी दवंडी पिटल्याशिवाय कोणी कसलेही बटण दाबीनासे झाले. तिथला पाव बिनमिठाचा. तो थोरल्या काकूंना आधी अळणी म्हणून नकोसा झाला आणि मग लिंबाच्या लोणच्याबरोबर अतिशय आवडू लागला. बागेला पाणी घालायला येणाऱ्या म्हातारबाईंनी तो शिळा पाव पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, त्यात टोमॅटो, कांदा, काकडी, बेझिलची पाने, ऑलिव्हचे तेल आणि थोडे व्हिनेगर कालवून दाखविले, तेव्हा दोन्ही स्त्रिया एकमेकींची भाषा न समजताही शिळ्याचे चीज करणाऱ्या गृहिणीच्या धर्माने एकमेकींना ओळखून हसल्या. दिवेलागण होईतो रात्रीचे नऊ वाजत; आणि उजेडात जेवायचे कसे, हा काकांचा प्रश्न शेवटपर्यंत अनुत्तरित राहिला.

मात्र सुरुवातीचे दिवस सरल्यावर एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आली, ती अशी की, तलावात पुरुष आणि मुले होती आणि स्वयंपाकघरात नेहमीच्याच बायका होत्या. पंधरा माणसांची भांडी परदेशातही पंधरा माणसांचीच असतात. तेव्हा धाकट्या सुनेने एका कागदावर पाळ्यांचा तक्ता आखून तो शीतकपाटावर चिकटविला. त्यात थोरल्या काकांचे नाव कांदे चिरण्यापुढे पाहून क्षणभर शांतता पसरली. "मला चष्मा आणून द्या," एवढेच ते म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच चुलीच्या बाजूला बसले.

या प्रसंगाचा अर्थ मला असा वाटतो. वडिलोपार्जित घरात प्रत्येक माणूस हिस्सेदार असतो, आणि म्हणून कोण कुठे बसतो, कोण कोणाला सांगतो, याला सातबाराच्या उताऱ्याइतके वजन येते. भाड्याच्या घरात वाटून घ्यायला खर्च आणि कष्ट यांखेरीज काहीच नसते. तिथे काकांचा वडीलपणा खुर्चीपुरता उरतो, आणि त्यामुळेच तो सर्वांना गोड वाटतो. अर्थात, आठवड्याच्या या ऐक्याला मी फारसे थोरपण देणार नाही. आजारपण, अपयश, म्हातारपण यांत जे उपयोगी पडते ते कुटुंब. आणि त्याची परीक्षा द्राक्षमळ्यांच्या शेजारी होत नाही. पण चुलत भावंडांना एकमेकांचे स्वभाव ठाऊक व्हावेत, एकाचा राग आणि दुसऱ्याची थट्टा अंगवळणी पडावी, एवढे काम तो आठवडा नक्की करतो, आणि पुढे कधी परीक्षेची वेळ आलीच तर एवढी पुंजी कामी येते.

म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी असे घर अवश्य घ्यावे. ते टस्कनीतच असावे असे नाही, दापोलीला अथवा सावंतवाडीला असले तरी चालेल. फक्त भाड्याचे पैसे जसे सर्वांमध्ये सारखे वाटता, तशी भांडीही पहिल्या संध्याकाळीच वाटून घ्या.