हॉलसँड्सची वाळू

लेकीनं सप्टेंबरात आठ दिवसांसाठी डेव्हन परगण्यातलं एक कॉटेज भाड्यानं घेतलं. मला वाटलं, दगडी बंगला असेल, नाहीतर लाकडी. बघतो तर भिंती मातीच्या. दोन-अडीच फूट रुंद, कोपरे गोल झालेले, वरून चुन्याचा हात आणि छपराला गव्हाचं काड शाकारलेलं. माझा हात आपोआप भिंतीवर गेला. भीमेकाठी आमच्या गावात पांढरीच्या मातीची घरं बांधत, त्याच जातीचं हे काम. चिकणमातीत काड टाकायचं, पाणी मारायचं, पायानं तुडवायचं, दगडी जोत्यावर एक थर चढवायचा, तो वाळला की वर दुसरा. याला तिकडं 'कॉब' म्हणतात.

मालकीणबाई सांगत होत्या, मातीच्या घराला डोक्यावर चांगली टोपी आणि पायात चांगले जोडे असले की ते कधी मरत नाही. टोपी म्हणजे छप्पर, जोडे म्हणजे जोतं. जावईबापूंनी हिला ते मराठीत सांगितलं. आमच्या गावात पांढरीची घरं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत, बाकी सगळा स्लॅब. ही लगेच म्हणाली, "आपल्याकडं टोपीपास्नं जोड्यापतूर समदंच गेलं की."

पहिले दोन दिवस आम्ही नुसते रानातनं हिंडलो. तिथले बांध बघून शेतकऱ्यानं हेवा करावा. माणसापेक्षा उंच, आत दगड-माती, वर झुडपं माजलेली, आणि दोन बांधांच्या मधून एकच गाडी जाईल एवढा रस्ता. कित्येक बांध शेकडो वर्षांचे आहेत. आमच्याकडं शेजारी दर नांगरटीला वीतभर बांध कोरतो आणि आपण पोटात राग ठेवून त्याच्याच घरी लग्नाला जातो. हिनं त्या बांधावरची काळी रसाळ फळं तोडून पदरात भरली. लेक म्हणाली, "आई, धुतल्याशिवाय खाऊ नको." तोवर निम्मी संपली होती.

मला जास्त नवल वाटलं ते वाटेचं. पिवळ्या बाणाची पाटी दिसली की समजायचं, इथून जायचा हक्क आहे. मग ती वाट कुणाच्या मक्यातून जावो नाहीतर कुणाच्या गोठ्यामागून. 1949 च्या कायद्यानं या पायवाटा नकाशावर चढवायचं ठरलं. नकाशावर चढली ती सरकारदरबारी पक्की. रानाच्या मधून गेलेली वाट पेरणीसाठी नांगरली, तर 14 दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. आम्ही ज्या मक्यातून गेलो तिथं खरंच तीन-चार फुटांचा पट्टा मोकळा सोडला होता. आपल्याकडंही गावनकाशावर पाणंद असते, अडवलेल्या रस्त्यासाठी 1906 चा मामलेदार कोर्टाचा कायदा असतो. पण नकाशावरची पाणंद पायाखाली सापडेल याची खात्री नसते.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. तिकडं बारा वाजून गेले असतील.

"दादा, वाळूवाला आलता. आपल्या नदीकडच्या रानातनं डंपरला वाट मागायलाय. वर्साला दोन लाख देतो म्हंतोय. सातबाऱ्यावर तुमचं बी नाव हाय, सही लागतीया."

मी म्हटलं, "लिलावातली वाळू हाय का चोरटी?"

"ते त्यालाच ठावं. मी इचारून काय करू? पोरीचं लगीन आलंय तोंडावर."

मी संध्याकाळी सांगतो म्हणून फोन ठेवला. त्याला पटकन नाही म्हणवेना. मी मास्तरकी केली, पेन्शन खातो. रान सांभाळलं त्यानं. आईवडिलांचं दुखणंखुपणंही त्यानंच काढलं.

त्या दिवशी आम्ही किनाऱ्याला गेलो. स्टार्ट बे नावाचा आखात आहे. तिथं आपल्या कोकणासारखी मऊ पुळण नाही. सगळा किनारा बारीक गुळगुळीत गोट्यांचा. पाय टाकला की करकर वाजतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला स्लॅप्टन ले नावाचं गोड्या पाण्याचं तळं, आणि मधल्या गोट्यांच्या पट्टीवरून मोटारींचा रस्ता. टोरक्रॉस गावाशी काळा रणगाडा उभा आहे. 1943 च्या शेवटी नॉर्मंडीच्या स्वारीच्या सरावासाठी हा सगळा टापू अमेरिकन फौजेला दिला गेला. सुमारे 3000 माणसांना काही आठवड्यांत घरदार, गुरंढोरं, औतअवजारं घेऊन बाहेर पडावं लागलं. पुढं 1944 च्या एप्रिलात सरावातल्या जहाजांवर जर्मन बोटींनी हल्ला केला आणि सातशेहून जास्त अमेरिकन पोरं मेली. तो रणगाडा त्यांच्या आठवणीसाठी 1984 साली समुद्राच्या तळातून वर काढलेला.

ही बराच वेळ गप्प होती. हिचं माहेर उजनीच्या फुगवट्यात गेलेलं. मग तिनं विचारलं, "ती माणसं परत आली का घरला?"

"आली," जावईबापू म्हणाले. "लढाई पुढं सरकल्यावर आली."

"मग बरं," ती म्हणाली आणि मोटारीत जाऊन बसली.

बीसँड्सला मोटार लावून कडेकडेच्या पायवाटेनं आम्ही हॉलसँड्सकडं चाललो. वाट एका टेकाडावरून जाते. खाली समुद्र, पलीकडं स्टार्ट पॉइंटचा 1836 सालचा पांढरा दीपस्तंभ. चालणं अर्ध्या तासाचं, पण माझे गुडघे आणि हिची चप्पल यांनी त्याचा तास केला. शेवटी कठडा घातलेला एक ओटा लागतो. तिथून खाली वाकून बघायचं.

खाली खडकाच्या कपारीवर चार-दोन भिंती उभ्या. एका भिंतीत खिडकीची चौकट शाबूत, आणि त्या चौकटीतून पलीकडं नुसतं पाणी. इथं 37 घरं होती, दीडशेवर माणसं. खेकडे धरायचे, मासे धरायचे, गावाला एक दारूचा गुत्ताही होता. घरांच्या पुढं गोट्यांचा रुंद किनारा. वादळाची लाट आली तरी त्या गोट्यांवरच तिचा जोर मोडायचा.

1897 साली प्लिमथच्या आरमारी गोदीचं काम निघालं. काँक्रीटला गोटे-वाळू पाहिजे होती. सरकारनं परवाना दिला आणि ठेकेदाराच्या बोटी हॉलसँड्सच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. कोळ्यांनी तक्रार केली तेव्हा चौकशी झाली. सांगितलं गेलं, भिण्याचं कारण नाही, समुद्र नेलेली वाळू भरून काढेल. कोळ्यांच्या धंद्यात अडथळा येतो म्हणून ठेकेदारानं दरसाल काही पौंड द्यायचंही कबूल केलं.

तिथं मी जरा थांबलो. दरसाल काही पौंड.

सुमारे साडेसहा लाख टन माल नेला त्यांनी. आमच्याकडं वाळू ब्रासात मोजतात. साडेचार टनांचा ब्रास धरला तर दीड लाख ब्रासला थोडे कमी. समुद्रानं काही भरून काढलं नाही, कारण ते गोटे नव्यानं येणारेच नव्हते. हिमयुग ओसरताना, समुद्र वर चढता चढता हजारो वर्षांपूर्वी ते लोटत आलेले. तेवढीच पुंजी. किनारा दहा-बारा फूट खचला. 1902 साली परवाना रद्द झाला खरा, पण पुढच्याच वर्षापासून घरं ढासळायला लागली. हॅन्सफर्ड वर्थ नावाचा प्लिमथचा एक इंजिनिअर मोजमापं घेऊन धोका सांगत राहिला. 26 जानेवारी 1917 च्या रात्री उधाणाची भरती आणि पूर्वेचं वादळ एकदमच आलं. माणसं जीव घेऊन वर पळाली, मेलं कुणी नाही. पण राहण्याजोगं घर एकच उरलं. एलिझाबेथ प्रेटीजॉन नावाची बाई त्या एका घरात पुढं कित्येक वर्षं कोंबड्या पाळून राहिली. 1964 साली ती वारली.

जावईबापू फोटो काढत होते. मला मात्र भीमेचं पात्र दिसायला लागलं. आम्ही पोरं असताना उन्हाळ्यात वाळूत हातभर झिरा उकरला की गोड पाणी लागायचं. टरबुजाच्या वाड्या असायच्या. काठच्या विहिरीत भादव्यात वाकून कळशी भरायची. आता पात्रात खडक उघडा पडलाय आणि मधूनमधून पुरुषभर डोह, वाळू उपसलेले. दरसाल पूर येतो, पण मागं ठेवून जातो तो गाळ.

कठड्यापाशी एक म्हातारे इंग्रज गृहस्थ कुत्रं घेऊन उभे होते. मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, वाईट झालं. ते म्हणाले, गोदी मात्र छान बांधली. मला हसावं का कळेना.

कॉटेजवर आलो तेव्हा तिकडं रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. भावाला फोन लावला. हॉलसँड्सची गोष्ट सांगायला लागलो, तर तो म्हणाला, "दादा, ते तिकडचं ऱ्हाऊ द्या. सही करताय का न्हाई?"

"न्हाई करत," मी म्हटलं. "पोरीच्या लग्नाचं माझ्या पेन्शनीतनं बघू. फंडातलं शिल्लक हाय अजून."

तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "पैशाचं एक झालं. पर तुम्ही तिथनं न्हाई म्हणणार, आन राती त्यांच्यापुढं हुबा ऱ्हाणार मी. ती माणसं बरी न्हाईत."

त्याचं खोटं नव्हतं. वाट अडवणाऱ्याच्या अंगावर गाडी घातल्याच्या गोष्टी आमच्या नदीकाठाला नव्या नाहीत.

"माझं नाव सांग," मी म्हटलं. "थोरला भाऊ अडून बसलाय, त्याच्याशी बोला म्हण. पुढल्या बुधवारी मी येतोय. तोवर रानात एकटा जाऊ नको. मी आलो की दोघं मिळून तहसीलला अर्ज देऊ."

"बरं."

"आन विहिरीचं पाणी किती खाली गेलंय ते मोजून ठेव. अर्जात लिहावं लागंल."

"मोजलंय की कवाच," तो म्हणाला. "पंधरा हात."