नुसतं 'हाय टीजी' लिहून भागत नाही

सर्किट बोर्डाचं ड्रॉइंग फॅब्रिकेटरकडे जातं तेव्हा मटेरियलच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो: एफआर-४. बोर्ड इंजिनाशेजारी बसणार असेल तर 'हाय टीजी' एवढी भर पडते. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात गाड्यांसाठी बोर्ड डिझाइन करताना मी हे इतक्यांदा पाहिलंय, की ड्रॉइंग हातात आलं की सर्किटच्या आधी माझी नजर त्या रकान्याकडे जाते.

एफआर-४ हे एका मालाचं नाव नव्हे. इपॉक्सी राळेत भिजवलेलं काचेचं कापड, आणि पेटलं तरी आपोआप विझणारं, एवढीच ती जात. १३० अंशांना मऊ पडणारा मालही एफआर-४ आणि १७५ अंशांपर्यंत ताठ राहणाराही एफआर-४च.

राळ ज्या तापमानाला कडकपणा सोडते, तो टीजी. खरा घोळ त्यापुढे असतो. लांबी-रुंदीला काचेचं कापड आवरून धरतं. जाडीला आवरणारं कोणी नाही. टीजीच्या खाली जाडी दर अंशाला दशलक्षात साधारण ६० भागांनी वाढते, वर गेल्यावर २५० ते ३०० भागांनी. तांबं मात्र १७ वरच अडून बसतं. हिशेब करून पाहा. १.६ मिलिमीटरचा, १४० टीजीचा बोर्ड सोल्डरिंगच्या भट्टीत २४५ अंशांना पोचतो तेव्हा त्याची जाडी ५५ ते ६० मायक्रॉननं वाढते. थर जोडणाऱ्या भोकातल्या तांब्याच्या नळीला स्वतःहून जेमतेम ६ मायक्रॉन वाढायचं असतं. उरलेली सगळी ओढ २०-२५ मायक्रॉन जाडीच्या त्या प्लेटिंगनं सोसायची.

न सोसल्यास काय होतं, ते एकदा डोळ्यांनी पाहावं. बोर्डाचा तुकडा रेझिनच्या गोळीत बसवायचा, भोकाच्या मध्यापर्यंत घासायचा, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. तांब्याच्या दोन उभ्या पट्ट्या दिसतात आणि साधारण मधोमध केसासारखी आडवी चीर. असा बोर्ड थंड असताना मीटरवर बीप देतो, गरम झाला की सर्किट तुटतं. गाडी घाटात बंद पडते आणि वर्कशॉपमध्ये येईपर्यंत पुन्हा सुरू झालेली असते.

मग टीजी वाढवला की झालं? नाही. टीडी म्हणजे राळेचं विघटन सुरू होऊन तिचं वजन ५ टक्के घटतं ते तापमान. हा आकडा टीजीच्या मागोमाग वाढतोच असं नाही. डायसायनडायअमाइडनं पक्की केलेली १७० टीजीची राळ ३०० अंशांच्या आसपास विघटित होऊ लागते, तर फिनॉलिकनं पक्की केलेली १५० टीजीची ३३० पर्यंत टिकते. जुलै २००६ मध्ये युरोपनं शिशावर निर्बंध आणले. १८३ अंशांना वितळणाऱ्या सोल्डरच्या जागी २१७ अंशांचं आलं, भट्टी तापली, आणि हा फरक कळीचा ठरला. अनेक थरांच्या जाड बोर्डाला दोनदा भट्टी आणि वर दुरुस्तीची इस्त्री सोसायची असेल, तर माझं मत स्वच्छ आहे: या दोघींपैकी १५० वाली फिनॉलिक घ्या. ती ठिसूळ असते, ड्रिल लवकर बोथट होतात, फॅब्रिकेटर कुरकुरतो. कुरकुरू द्या.

इलेक्ट्रिक गाड्यांनी आणखी एक दुखणं पुढे आणलंय. दोन शेजारच्या भोकांमध्ये काही शे व्होल्ट, त्यात कोकणातल्या पावसाळ्याची दमट हवा. ड्रिलनं काच आणि राळ यांची पकड सैल केली असेल तर काचेच्या धाग्याच्या कडेनं तांब्याचे क्षार सरकत जातात आणि आतल्या आत शॉर्ट होतो. बेल लॅब्जनं हे १९७०च्या दशकातच नोंदवलं होतं. उपाय दोन: या दोषाच्या चाचणीत उतरलेला माल घ्यायचा, आणि जास्त व्होल्टेजची भोकं एकाच धाग्याच्या रेषेत येऊ न देता तिरकी मांडायची. दुसऱ्याला पैसा लागत नाही.

७७ गिगाहर्ट्झच्या रडारची गोष्ट वेगळी. तिथे एफआर-४ सिग्नल खाऊन टाकतो. टेफ्लॉनसारख्या मालाला पर्याय नसतो आणि खर्चाची चर्चाही निरर्थक.

बाकी सगळीकडे निवड आपल्या हातात असते. तेव्हा ड्रॉइंगवर टीजीबरोबर टीडी लिहा, ५० ते २६० अंशांमधली जाडीची वाढ टक्क्यांत लिहा, आयपीसी-४१०१ या मटेरियलच्या मानकातला स्लॅश शीटचा क्रमांक लिहा. 'किंवा समतुल्य' लिहायचंच असेल तर समतुल्य कशात, तेही लिहा. आणि दर लॉटबरोबर भोकाच्या क्रॉस-सेक्शनचा कूपन मागून घ्या.