शब्द तेच, चाल दुसरी

नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या पदांना काव्य म्हणून फारसा मान मिळाला नाही. चालीत कोंबलेले शब्द, ओढूनताणून लावायचा अन्वय, हे आक्षेप जुनेच आहेत. मला ते पटत नाहीत. ही पदं पानावर जोखायची नव्हेतच.

१९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीनं त्यांचं 'मानापमान' रंगभूमीवर आणलं. गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-कजरीच्या पूरब बाजाच्या चाली आणल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर शब्द बसवले. टिळकांच्या 'केसरी'त लिहिणारा, ज्याच्या 'कीचकवधा'वर सरकारनं नुकतीच बंदी घातली होती असा हा माणूस मात्रा मोजत बसला! समेवर वजनदार अक्षर हवं, तान सुटते तिथे मोकळा आकार हवा, आणि एवढं सांभाळून नायिका भामिनीचा रुसवाही पोचायला हवा. पुढे मास्टर दीनानाथांनी नायक धैर्यधराची काही पदं स्वतःच्या निराळ्या चालींत गायली. एका चालीच्या मापानं बेतलेले शब्द दुसऱ्या चालीतही तितकेच शोभले. नुसती भरताड असती तर चालीबरोबर तीही गेली असती.

आमच्या रायपूरला, चौबे कॉलोनीतल्या महाराष्ट्र मंडळात, एका तालमीला मी हे जवळून पाहिलं. शाळा हिंदी, घर मराठी अशी एक मुलगी धैर्यधराचं पद बसवत होती. वहीत पद एकदाच लिहिलेलं. श्वासाच्या खुणा मात्र दोन रंगांत, टेंब्यांच्या चालीसाठी निळ्या आणि दीनानाथांच्या चालीसाठी लाल. निळ्या खुणांनी गायली तेव्हा प्रियकराचा लाड ऐकू आला. लाल खुणांवर तोच धैर्यधर छाती काढून उभा राहिला. पेटीवरच्या काकूंनी तिला दोन्ही चाली पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्या, आणि अर्थ विचारायची गरज तिला पडली नाही.

युरोपात एकाच शब्दांना अनेक चाली मिळण्याचं भाग्य इटालियन कवी मेतास्तासिओला लाभलं. जन्म रोममध्ये, १६९८ साली. १७३० पासून १७८२ साली मरण येईपर्यंत तो व्हिएन्नात दरबारी कवी होता. तिथे आधी काव्य, मग संगीत. त्याच्या 'आर्तासेर्से' या ऑपेराच्या संहितेला ऐंशीहून अधिक वेळा संगीत दिलं गेलं. ग्लुकचा पहिला ऑपेरा हाच, १७४१ सालचा. 'ला क्लेमेन्झा दि तितो'ला काल्दारानं संगीत दिलं, ग्लुकनं दिलं, आणि कवी जाऊन नऊ वर्षं झाल्यावर मोझार्टनंही, बरीच काटछाट करवून घेऊन. मेतास्तासिओची ओळ साधी, घोटीव. एक भाव धरायचा, तो पुरता सांगायचा आणि बाकीची जागा गवयाला सोडायची. ही जागा सोडण्यातच कवीचा कस लागतो असं मला वाटतं. खाडिलकरांना तर ती जागा आधीच आखून मिळालेली. तिच्यात राहून त्यांनी दुसऱ्या चालीलाही वाव ठेवला.

मेतास्तासिओचं नाव निदान त्याच्या हयातीत राजदरबारांत गाजलं. आपल्याकडे पद गवयाच्या नावानं ओळखलं जातं. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात बडोद्याला 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं. त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. बालगंधर्वांची सिंधू सगळ्यांना ठाऊक आहे, गडकरीही ठाऊक आहेत. गुर्जरांचं नाव घ्यायला निवेदक विसरतात. मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत रागाशेजारी पदकर्त्याचं नाव छापा, असा आग्रह मी धरला आहे, आणि सुरुवात गुर्जरांपासून व्हावी.