सीटखालचे दूध

पर्युषण पर्वाचा तिसरा दिवस होता. भोरमधील एका किराणा व्यापाऱ्याच्या वृद्ध मातोश्रींनी अठ्ठाईचे पच्चक्खाण घेतले होते आणि त्या व्याख्यानासाठी स्थानकाकडे निघाल्या होत्या. गाडीचे दार उघडताच आंबट, कुबट दर्प आला. आरशाजवळ नवी सुगंधी कुपी लटकत होती; पण अत्तर आणि नासलेले दूध यांचे मिश्रण नुसत्या दुर्गंधीहून अधिक असह्य झाले होते. उपवासाच्या पोटी त्यांना मळमळले आणि त्या पायीच निघाल्या.

व्यापाऱ्याने चालकाला बोलावले. वेल्हे खोऱ्यातील हा गृहस्थ बारा वर्षे त्या घरी होता. सारे त्याला मामाच म्हणत. बराच वेळ खाली मान घालून उभे राहिल्यावर तो म्हणाला, "शेठ, परवा वेल्ह्याहून येताना मार्गासनीच्या पुढं खड्ड्यात गाडी आदळली. ओळखीच्या शेतकऱ्यानं घरासाठी दिलेली दुधाची किटली मागं कलंडली. वरचं पुसून घेतलं होतं."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितले?"

मामा काहीच बोलला नाही. त्याचे उत्तर मात्र व्यापाऱ्याला ठाऊक होते. गेल्या वर्षी तेलाचा डबा गळला, तेव्हा भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत त्यांनी मामाला नाही नाही ते बोलून घेतले होते आणि डब्याचे पैसे पगारातून कापले होते. शेठ ते विसरले होते. मामा विसरला नव्हता.

दुपारी गाडी शेडखाली घेतली. मातोश्री ओसरीवर बसून सांगत होत्या. मागची सीट उचलली, तर खाली मुंग्यांची रांग. "औषध मारू नका, आधी पुंजणी आणा," त्या म्हणाल्या. मुंग्या हलक्या हाताने कागदावर घेऊन बाहेर सोडल्यावरच पाण्याला हात लागला.

मुलगा गरम पाणी घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवले. दुधाच्या भांड्यात आधी थंड पाणी घालावे, हे स्वयंपाकघरातले ज्ञान येथेही तितकेच खरे. गरम पाण्याने दुधातील प्रथिने गोठून धाग्यांत घट्ट बसतात. दुधातील साखर जिवाणूंमुळे आंबते आणि स्निग्धांश फुटून ब्युटिरिक आम्ल तयार होते. तोच तो खवट वास. दूध कापडावर थांबत नाही. ते फोममध्ये आणि कार्पेटखालच्या जाड थरात उतरते. म्हणून वरवर पुसणे व्यर्थ ठरते.

गाळलेल्या थंड पाण्यात सुती फडकी भिजवून, न घासता दाबून टिपणे, हे पहिले काम. मग सौम्य साबणाचे पाणी आणि पुन्हा टिपणे. त्यानंतर प्रथिने व स्निग्धांश तोडणारे एन्झाइमयुक्त द्रावण लावून ते काही तास ओलसर राहू दिले. पाणी बेताचेच वापरले, कारण जितके अधिक भिजवावे तितके वाळवणे कठीण, आणि ओल राहिली की बुरशी धरते. मळके पाणी गटारात न ओतता शेडखालच्या कोरड्या मातीत थोडे थोडे परठवले. त्या पावसात उन्हाची आशा नव्हती. चारी दारे उघडी ठेवून टेबलफॅन रात्रभर लावला. दुसऱ्या दिवशी खाण्याचा सोडा पसरला, तो आम्लाचा वास शोषून घेतो. तिसऱ्या दिवशी व्हॅक्यूमने तो काढला. एसीचा फिल्टरही बदलला, कारण जुन्या फिल्टरमध्ये बसलेला दर्प पुन्हा पुन्हा गाडीभर फिरतो. सुगंधी कुपी मामाने स्वतःच काढून टाकली.

त्याच तासाला कळले असते, तर दोन बादल्या पाणी आणि चार फडकी पुरली असती. व्यापाऱ्याच्या मनात हाच हिशेब घोळत राहिला. मुनिमाने तोटा त्याच दिवशी वहीत लिहिला, तर तो तेवढाच राहतो. लपवला तर व्याजासह वाढतो. पण ज्या पेढीवर तोटा सांगणाऱ्याला आधी शिक्षा होते, तिथे वही खरी राहणार कशी? दूध मामाच्या हातून सांडले होते. ते तीन दिवस सीटखाली आंबत ठेवण्यात शेठजींच्या रागाचाही वाटा होता.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर नातलगांना, व्यापारी मित्रांना खमतखामणा करण्याची रीत घरात होतीच. त्या वर्षी व्यापारी प्रथम शेडकडे गेले. मामा गाडी पुसत होता. त्यांनी हात जोडले आणि गेल्या वर्षीच्या तेलाच्या डब्याचे नाव घेऊन म्हटले, "मामा, मिच्छामि दुक्कडम्." कापलेले पैसे पाकिटात घालून त्यांनी त्याच्या हाती दिले. मामा गडबडला, फडके हातातच राहिले.

दुसऱ्या दिवशी पारण्यानंतर मातोश्री त्याच गाडीतून दर्शनाला गेल्या. काच खाली करून त्या इतकेच म्हणाल्या, "आता कशाचाच वास येत नाही."

पुढे महिनाभराने नसरापूरच्या रस्त्यावर गुळाची ढेप ओली झाली. गाडी दुकानाशी पोहोचण्याआधीच मामाचा फोन आला होता.