पंख्याच्या लेबलवरचा वारा

उन्हाळ कांदा चाळीत भरायचं काम सगळीकडं चालू आहे, म्हणून आज पंख्याबद्दल लिहितो.

मागच्या वर्षी मी 25 टनांच्या चाळीत ढिगाखाली भोकं पाडलेले पीव्हीसी पाइप टाकले आणि टोकाला 12 इंची एक्झॉस्ट फॅन बसवला. लेबलवर होतं 60 वॅट आणि ताशी 5000 घनमीटर हवा. वाटलं, बिल एका बल्बाचं आणि वारा वादळाचा! सप्टेंबरात चाळ फोडली तर मधला थर हाताला चिकटत होता. सहा टनांच्या वर कांदा उकिरड्यावर गेला. सगळा दोष पंख्याचा नाही. अवकाळीत भिजलेला मालही मी हावेपोटी आत भरला होता. पण पंख्यावर भरवसा होता म्हणूनच भरला, हेही खरं.

आता चुलतभाऊ तसेच चार पंखे घ्यायला निघालेला. म्हणाला, "दादा, एकानं भागलं नसंल, मी चार लावतो." म्हटलं, थांब जरा, आधी हिशोब करू.

हिशोब शाळेतलाच आहे. ताशी 5000 घनमीटर म्हणजे सेकंदाला 1.39 घनमीटर. 12 इंची तोंडाचं क्षेत्रफळ 0.073 चौरस मीटर. भागाकार केला तर वाऱ्याचा वेग सेकंदाला 19 मीटर येतो, म्हणजे ताशी 68 किलोमीटर. मोटारसायकल 68 वर पळवताना तोंडावर जो वारा बसतो, तेवढा. आमच्या पंख्यासमोर तर गमछासुद्धा नीट उडत नव्हता.

आता ताकद बघू. एक घनमीटर हवेचं वजन साधारण 1.2 किलो. म्हणजे सेकंदाला 1.67 किलो हवा 19 च्या वेगानं ढकलायची. वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर आलं 300 वॅट. आणि हे फक्त हवेत जाणारं. मोटार तापते, पाती हवा घुसळतात, तो खर्च वेगळा. मग 60 वॅटचा पंखा 300 वॅटचं काम करणार कसं? एका बैलाच्या चाऱ्यावर पाच बैलांची नांगरट झाली ही!

भाऊ म्हणाला, वॅटच खोटे असतील. शंका बरोबर होती. घरातलं सगळं बंद केलं, फ्रीज, चार्जरसकट, आणि एकटा पंखा लावला. आमच्या मीटरवर 3200 इम्पल्स लिहिलंय, म्हणजे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. दहा लुकलुकींना 3 मिनिटं 14 सेकंद लागले. हिशोबानं 58 वॅट. वॅट खरे निघाले.

मग ओळखीच्या पोराकडून वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आणलं. कडेला वारा जास्त, मधे कमी, म्हणून नऊ ठिकाणी धरून सरासरी काढली. 7 मीटर. म्हणजे ताशी 1840 घनमीटर, लेबलच्या निम्म्यालाही कमी. तेही मोकळ्या हवेत. पाइप आणि कांद्याचा ढीग आडवा आला की आणखी घटणार, कारण या पातीच्या पंख्यांना दाब फारसा पेलत नाही.

एक सांगतो, या हिशोबात बसला म्हणजे पंखा चांगला असं नाही. अशक्य आकडा तेवढा पकडला जातो. आणि आकडा सीएफएम आहे की घनमीटर, ते विचारा. 1 सीएफएम म्हणजे ताशी 1.7 घनमीटर.

दुकानदाराला कागद दाखवला. "कंपनीनं दिलंय तेच आम्ही सांगतो," म्हणाला. मग हा आकडा बिलावर लिहून द्या म्हटलं, तर गिऱ्हाईक आलं म्हणून आत गेला.

भावानं पैसे दिले नाहीत. आता एक सेंट्रिफ्यूगल ब्लोअर बघितलाय. पाइपाला गवंड्याची पाण्याची लेव्हल-नळी जोडून आधी दाब मोजणार आहोत. भिजलेला माल मात्र यंदा वेगळा काढलाय, तो लगेच विकायचा, भाव मिळंल तो.